एलएलव्हीएम-क्लँगचं बिल्ड पार शेवटाला येऊन फुटतं, तेव्हा काय काय बघायचं

एलएलव्हीएम म्हणजे कंपायलर बनवायच्या सामानाचा मोठा प्रकल्प, क्लँग हा त्यातला सी आणि सी-प्लस-प्लसचा कंपायलर, आणि बिल्ड म्हणजे सोर्स कोडवरून तो तयार करणं. हे बिल्ड फुटायचं एकच दुखणं मी स्वतःच्या लॅपटॉपवर, ऑफिसातल्या ज्युनियर पोरांच्या मशीनवर आणि मावसभावाच्या हॉस्टेलवरच्या आठ जीबीवाल्या डब्यावर इतक्या वेळा बघितलंय की आता फोन आला की समोरचा काही बोलायच्या आधीच मी विचारतो, रॅम किती आहे? दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. कमांड आणि एरर देवनागरीतच लिहिल्यात कारण मी हे बहुतेक वेळा फोनवरच वाचून दाखवतो, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करा, आणि ऑप्शनच्या नावात शब्दांच्या मध्ये मोकळी जागा दिसेल तिथे अंडरस्कोअर समजा. सगळं लिनक्स धरून लिहिलंय, डब्ल्यूएसएलवाल्यांसाठी, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्यांसाठी, मध्ये थोडं आहे.

लक्षणं

यातलं कुठलं तुमचं आहे ते आधी ओळखा, कारण औषध त्यावर ठरतं.

पहिलं आणि सगळ्यात कॉमन: निंजा, म्हणजे बिल्डची कामं चालवणारा प्रोग्रॅम, मस्त पळत असतो, 3102/3347 वगैरे आकडा दिसतो, तुम्ही मनात म्हणता झालंच आता, आणि तेवढ्यात लॅपटॉप गोठतो, माऊस हलत नाही, मिनिटभराने जीव येतो आणि स्क्रीनवर 'फॅटल एरर, किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसीवनप्लस' किंवा 'एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल 9'. याचाच एक भाऊ म्हणजे एररच दिसत नाही, अख्खी टर्मिनलची खिडकीच गायब होते.

दुसरं: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. याला काही समजावून सांगायला नको.

तिसरं: सुरुवातच होत नाही, निंजासाठी बिल्डची तयारी करून देणारं सीमेकच रडतं. चौथं: सीमेक स्वतःलाच पुन्हा पुन्हा चालवत बसतं आणि शेवटी निंजा म्हणतो 'मॅनिफेस्ट स्टिल डर्टी आफ्टर 100 ट्राइज'. पाचवं: मध्ये लाइट गेली होती, परत चालू केलं तर 'फाइल ट्रंकेटेड' नाहीतर शेकड्याने 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. आणि सहावं, जे सगळ्यात वाईट: 'इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट', आणि तेही दरवेळी वेगळ्याच फाइलवर.

शून्य खर्चाची तपासणी: हे करायलाच हवंय का?

हसू नका, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तुम्हाला फक्त नवीन क्लँग वापरायचा असेल तर डिस्ट्रोच्या पॅकेजमधून घ्या, उबुंटू-डेबियनवाल्यांसाठी एलएलव्हीएमची स्वतःची तयार पॅकेजेसही असतात. सोर्समधून करायचं ते कंपायलरच्या आत हात घालायचा असेल, पॅच टाकायचा असेल, नाहीतर कोणी प्रोफेसरांनी असाइनमेंट दिली असेल तर. मावसभावाचं दोन दिवस बिल्ड फुटत होतं, शेवटी विचारलं कशाला हवंय, तर म्हणे क्लँग-फॉरमॅट पाहिजे होतं. दोन मिनिटांचं पॅकेज.

खालची ओळ वाचू नका, वर जा

सगळे मला स्क्रीनशॉट पाठवतात त्यात एकच ओळ असते, 'निंजा: बिल्ड स्टॉप्ड, सबकमांड फेल्ड'. ती ओळ म्हणजे पेशंट गेला एवढंच सांगते, कशाने गेला ते नाही. निंजा एकाच वेळी बरीच कामं चालवतो, एक मेलं तरी आधीच सुरू झालेली बाकीची तो पूर्ण होऊ देतो, त्यामुळे खरी एरर वर कुठेतरी पन्नास-शंभर ओळींच्या मागे वॉर्निंगांच्या ढिगात गाडली गेलेली असते. 'फेल्ड' शब्द कॅपिटलमध्ये जिथे पहिल्यांदा येतो तिथपर्यंत वर स्क्रोल करा. किंवा सरळ निंजा 'वजा जे 1' देऊन परत चालवा, म्हणजे एकावेळी एकच काम, आणि जे फुटेल ते शेवटीच दिसेल.

यात एक गंमत अशी की कधीकधी 'वजा जे 1' दिल्यावर बिल्ड फुटतच नाही, गुपचूप पूर्ण होतं! तसं झालं तर तुमचं निदान तिथेच झालं, मेमरी कमी पडतेय. सरळ खाली रॅमच्या भागावर जा.

सीमेकच रडत असेल तर

दोन चुका ठरलेल्या. पहिली, प्रोजेक्ट गिटवरून आणल्यावर लोक वरच्याच फोल्डरवर सीमेक चालवतात, तिथे सीमेक-लिस्ट्सची फाइलच नसते, ती आतल्या 'एलएलव्हीएम' नावाच्या फोल्डरमध्ये असते. सीमेकला 'वजा कॅपिटल एस' देऊन तो आतला फोल्डर दाखवा.

दुसरी मला फार आवडते. 'एलएलव्हीएम एनेबल प्रोजेक्ट्स' मध्ये क्लँग आणि एलएलडी (एलएलव्हीएमचा स्वतःचा लिंकर) दोन्ही पाहिजेत म्हणून लोक मध्ये अर्धविराम टाकतात, जो बरोबर आहे, पण अवतरणचिन्हं टाकत नाहीत. शेलसाठी अर्धविराम म्हणजे कमांड संपली. मग शेल अर्धीच कमांड सीमेकला देतं आणि उरलेली नवीन कमांड समजून चालवतं. एलएलडी मशीनवर नसेल तर 'कमांड नॉट फाउंड' येतं, असेल तर तो म्हणतो मी जेनेरिक ड्रायव्हर आहे, आणि जर तुम्ही एलएलडीबी लिहिलं असेल तर समोर चक्क डीबगर उघडून बसतो. एका पोराने मला विचारलं होतं, दादा बिल्ड सुरू केलं की डीबगर का उघडतो? हे त्याचं कारण. अवतरणचिन्हं टाका, संपलं.

आणि बिल्ड टाइप स्वतः लिहा, 'सीमेक बिल्ड टाइप' ला रिलीज. जुन्या आवृत्त्यांत न लिहिल्यास गपचूप डीबग धरलं जायचं, आता ते लिहाच म्हणून अडवतं, आणि मग लोक कुठूनतरी कॉपी केलेल्या कमांडमधलं डीबग तसंच ठेवतात. डीबग बिल्ड म्हणजे प्रत्येक फाइलबरोबर डीबगची माहिती, फाइली अनेक पटींनी फुगतात, लिंकर, म्हणजे कंपाईल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा, तेवढं सगळं उचलायला बघतो. पुढचे निम्मे त्रास इथूनच जन्माला येतात. कंपायलरमध्ये काम करायचं असेल तरी रिलीज ठेवा आणि 'एलएलव्हीएम एनेबल असर्शन्स' (कोडमधल्या चुका पकडणाऱ्या तपासण्या) चालू करा, बऱ्याच वेळा तेवढं पुरतं.

बिल्डचं फोल्डर उडवा

ऑप्शन बदललं, कंपायलर बदलला, तरी एरर तीच? सीमेकने पहिल्या वेळी जे जे शोधलं ते कॅशमध्ये लिहून ठेवलंय आणि तो त्याच वहीतून वाचतोय. विशेषतः कंपायलरचं नाव नंतर बदलून उपयोग होत नाही. अख्खं बिल्ड फोल्डर डिलीट करा आणि पहिल्यापासून, किंवा सीमेक 3.24 किंवा त्यापुढचं असेल तर 'फ्रेश' ऑप्शन आहे. म्हणूनच बिल्ड फोल्डर सोर्सपासून वेगळं ठेवायचं असतं, उडवताना हात थरथरत नाही.

याच्याच जोडीला एक बघा: पायथनसाठी कोंडा टाकलेलं असेल आणि टर्मिनल उघडल्या उघडल्या प्रॉम्प्टच्या आधी कंसात 'बेस' दिसत असेल तर बिल्डच्या आधी ते डीअ‍ॅक्टिव्हेट करा. सीमेक पाथमधल्या बिन फोल्डरच्या शेजारच्या लिबमध्येही डोकावतं, तिथे त्याला झेडलिब नाहीतर लिबएक्सएमएल सापडतं, आणि मग कंपायलर सिस्टीमचा, लायब्ररी कोंडाची असा एक ना धड भाराभर चिंध्या प्रकार होतो. 'विच' कमांडने सीमेक, एलडी आणि सी-प्लस-प्लस तिन्ही कुठून येतायत ते बघायला दहा सेकंद लागतात.

डिस्क

'डीएफ वजा एच' मारा. रिलीजमध्ये एकाच प्रकारच्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा क्लँग केला तर काही जीबीत भागतं, डीबगला पंधरा-वीस जीबी तर सहज, सगळ्या प्रकारचे प्रोसेसर धरले तर त्याहून जास्त. सीसीकॅश (आधी कंपाईल केलेलं जपून ठेवणारं) लावलेलं असेल तर त्याची वेगळी पाच जीबीची डिफॉल्ट मर्यादा असते ती जागाही मोजा. गिटचा इतिहास नको असेल तर क्लोन करताना 'डेप्थ 1' द्या, बराच भार वाचतो.

आणि हो, टेम्प फोल्डर काही डिस्ट्रोंमध्ये डिस्कवर नसून रॅममध्येच असतं, फेडोरात तर तसंच. कंपायलर आपल्या तात्पुरत्या फाइली तिथे टाकतो, म्हणजे तुम्हाला वाटतं डिस्क वापरली जातेय पण जातेय रॅम.

आता रॅम, म्हणजे खरं दुखणं

आधी खात्री करा. 'सुडो डीमेसेज' मारून शेवटच्या ओळींत 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' शोधा. ते सापडलं तर विषय संपला, कर्नलने मेमरी संपली म्हणून समोरच्या सगळ्यात खादाड प्रोसेसला मारलं. तुम्ही इकडे कंपायलरला शिव्या देताय, जीसीसी काढून दुसरा टाकताय, चोर सोडून संन्याशाला सुळी. टर्मिनलच गायब होत असेल तर उबुंटू 22.04 आणि त्यानंतरच्या डेस्कटॉपवर सिस्टमडी-ओओएमडी नावाचा एक जण असतो, तो एकटी प्रोसेस न मारता तिचा अख्खा गट मारतो, आणि त्या गटात तुमचं टर्मिनलही असतं. त्याची नोंद 'जर्नलसीटीएल' मध्ये मिळते.

आता हे शेवटीच का होतं? हे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. निंजाला तुम्ही काही सांगितलं नाही तर तो प्रोसेसरचे जितके थ्रेड तितके अधिक दोन इतकी कामं एकदम सुरू करतो, आठ थ्रेड असतील तर दहा. सुरुवातीला छोट्या छोट्या फाइली कंपाईल होतात, एकेक काही शे एमबी खाते, चालून जातं. मधेमधे क्लँगच्या पोटातल्या काही जड फाइली येतात, एएसटी मॅचर्सची रजिस्ट्री वगैरे, त्यांना एकटीलाच जीबीच्या आसपास किंवा वर लागतं. आणि शेवटाला लिंकिंग येतं. क्लँग, ऑप्ट, एलएलसी, एलएलडी, असे बरेच प्रोग्रॅम जवळजवळ एकाच वेळी तयार व्हायला येतात, सगळ्यांना त्याच त्या लायब्ररी पोटात घ्यायच्या असतात, आणि निंजा म्हणतो दहा हात मोकळे आहेत, चला दहा लिंक एकदम. डीबग बिल्डमध्ये एकेक लिंक कित्येक जीबी घेते. सोळा जीबीचा लॅपटॉप, त्यात ब्राऊझर चाळीस टॅब उघडून बसलेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

उपाय, स्वस्तापासून. ब्राऊझर बंद करा, खरंच. मग लिंकची संख्या बांधा: 'एलएलव्हीएम पॅरलल लिंक जॉब्स' ला 1 द्या, सोळा जीबी आणि रिलीज असेल तर 2. हे फक्त निंजाबरोबर चालतं, मेकबरोबर नाही, म्हणून जनरेटर निंजाच ठेवा. कंपाईलची कामं तशीच राहतात, फक्त लिंक एकेक होते, त्यामुळे एकूण वेळेत फार फरक पडत नाही. लोक याच्याऐवजी सगळ्यालाच 'वजा जे 2' देतात आणि मग रात्रभर वाट बघतात, तसं करू नका. आठ जीबी असतील तर मात्र 'एलएलव्हीएम पॅरलल कंपाईल जॉब्स' ही कमी करा, तीन-चारवर आणा.

मग काम कमी करा. डिफॉल्टला हा प्रोजेक्ट जवळपास वीस प्रोसेसरांसाठी कोड तयार करायचं सामान बनवतो, त्यात हेक्सागॉन आहे, सिस्टम-झेड आहे, लनाई आहे, जो तुम्ही जन्मात बघणार नाही. 2000 साली इलिनॉय विद्यापीठात विक्रम अडवे आणि त्यांचा विद्यार्थी ख्रिस लॅटनर यांनी सुरू केलं तेव्हा एक संशोधनाचा प्रकल्प होता, आज त्याच्यावर अर्धं जग कंपाईल होतं, त्यामुळे हे सगळं आत असणारच. पण तुम्हाला नकोय. 'एलएलव्हीएम टार्गेट्स टू बिल्ड' ला एक्स86 द्या, एक्स कॅपिटल, किंवा नुसतं 'होस्ट'. हे एक ऑप्शन टाकल्यावर पायऱ्यांचा आकडा किती खाली येतो ते स्वतःच बघा.

तिसरा, लिंकर बदला. पॅकेजमधून एलएलडी टाका आणि 'एलएलव्हीएम यूज लिंकर' ला एलएलडी द्या. जुन्या एलडीपेक्षा तो वेगाने चालतो आणि कमी मेमरीत भागवतो. डीबग हवंच असेल तर 'एलएलव्हीएम यूज स्प्लिट ड्वार्फ' लावा, म्हणजे डीबगची बरीचशी माहिती वेगळ्या फाइलीत राहते, लिंकरला ती वाहावी लागत नाही.

चौथा, स्वॅप. आठ जीबीची स्वॅप फाइल केली की मरायचं ते हळू होतं, पण मरत नाही. एसएसडी असेल तरच, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर स्वॅप म्हणजे बैलगाडीला ट्रेलर.

डब्ल्यूएसएलवाले: तुमच्या लॅपटॉपमध्ये सोळा असली तरी आतल्या लिनक्सला सहसा निम्मीच मिळते. आत 'फ्री वजा एच' मारून खरा आकडा बघा, वाढवायचा असेल तर विंडोजच्या यूजर फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइल करून मेमरीची ओळ टाका. आणि सोर्स सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हवर प्रत्येक फाइल वाचायला इतका वेळ जातो की चहा दोनदा होतो.

घड्याळ साडेपाच तास पुढे

'मॅनिफेस्ट स्टिल डर्टी' वाल्यांसाठी. हे आपल्याकडच्या ड्युअल बूटवाल्यांना हमखास होतं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात आपली भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तेच घड्याळ ग्रीनिचचं समजून वर स्वतःचे साडेपाच तास घालतं. विंडोजमधून लिनक्समध्ये आलात, दुपारचे साडेतीन वाजलेत आणि कोपऱ्यात रात्रीचे नऊ दिसतायत. त्या अवस्थेत तुम्ही सोर्स क्लोन केला. मग नेट लागल्यावर वेळ सरळ झाली, पण फाइलींवर शिक्का रात्री नऊचा. निंजा बघतो, बिल्डच्या फाइलीपेक्षा सोर्स नवीन आहे, सीमेक परत चालवतो, परत बघतो, सोर्स अजूनही भविष्यातच. शंभर वेळा करून थकतो.

उपाय: वेळ बरोबर आहे ना बघा, मग सोर्स फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींना 'फाइंड' आणि 'टच' ने आत्ताचा शिक्का मारा. कायमचं करायचं तर 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1'. मी हे पहिल्यांदा शोधून काढायला एक अख्खा रविवार घालवला होता.

लाइट गेली होती का?

लॅपटॉपची बॅटरी ठीक असेल तर सोडा, पण डेस्कटॉप असेल, इन्व्हर्टर नसेल, तर हे वाचा. कंट्रोल-सी दाबून थांबवलं तर निंजा अर्धवट फाइली स्वतः साफ करतो. लाइट गेली तर कोण साफ करणार? डिस्कवर ओ एक्स्टेन्शनची फाइल नावाला तयार असते पण आत शून्य बाइट. निंजा तारीख बघतो, आतलं बघत नाही, म्हणतो झालेलं आहे, पुढे चला. मग लिंकच्या वेळी बोंब. अख्खं बिल्ड उडवायची गरज नाही: 'फाइंड' ला बिल्ड फोल्डर, नाव 'स्टार डॉट ओ', 'साइझ 0' देऊन आधी यादी बघा, मग डिलीट करा, बरोबरीने 'डॉट ए' वाल्या लायब्ररीही उडवा, आणि निंजा परत चालवा. तेवढंच परत बनतं. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात अशा सतरा फाइली निघाल्या होत्या.

वेगवेगळ्या ठिकाणी सेगफॉल्ट

इथे नीट लक्ष द्या. तीच कमांड तीन वेळा चालवा. तिन्ही वेळा त्याच फाइलवर, त्याच ओळीवर फुटलं तर सॉफ्टवेअर. दरवेळी वेगळीकडे फुटलं आणि परत चालवलं की ती फाइल गुमान कंपाईल झाली, तर संशय हार्डवेअरवर. उबुंटू-डेबियनचा जीसीसी तर स्वतःच एकदा परत करून बघतो आणि म्हणतो हा बग परत दिसत नाही, बहुधा हार्डवेअर किंवा ओएसचा प्रॉब्लेम आहे. त्याचं ऐका. एरवी ब्राऊझर आणि पिक्चर बघण्यात रॅमचा एखादा खराब कोपरा कळत नाही, मोठं बिल्ड मात्र तासभर कानाकोपऱ्यातली रॅम वापरतं.

आधी उष्णता: 'सेन्सर्स' कमांड चालू ठेवा आणि बिल्ड करा. जळगावला मे महिन्यात गादीवर लॅपटॉप ठेवून बिल्ड करणारा माणूस मी बघितलाय, मशीन मध्येच बंद पडायचं. टेबलावर ठेवा, जाळीतली धूळ काढा. ओव्हरक्लॉक किंवा एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) लावलेलं असेल तर बायोसमध्ये बंद करून बघा. मग मेमटेस्ट86+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम खराब, 'एकच तर आहे' असं नसतं.

कुठे थांबायचं

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलाय, जळका वास येतोय, तर बिल्ड वगैरे सोडा, लगेच बंद करा, चार्जर काढा आणि रिपेअरवाल्याकडे न्या. स्वतः उघडू नका, फुगलेल्या बॅटरीला स्क्रूड्रायव्हर लावायचा नसतो. मेमटेस्ट लाल आला आणि रॅम मदरबोर्डला सोल्डर केलेली असेल तरी तेच, आपल्या हातातलं काम नाही ते. सुटी पट्टी असेल तर एकेक काढून तपासता येते, तीही हात बसलेला असेल तर.

आणि हार्डवेअर ठीक आहे, सोर्स रोज बदलणाऱ्या मेन ब्रँचऐवजी रिलीजच्या टॅगवर, म्हणजे ठरलेल्या आवृत्तीवर, आणलाय, बिल्ड फोल्डर नवीन आहे, रॅम-डिस्क पुरेशी आहे, आणि तरीही दरवेळी त्याच ओळीवर फुटतंय, तर आता तुम्ही काही करायचं नाही. मेन ब्रँचवर तर दिवसाला ढिगाने कमिट पडतात, तासभर तुटलेली राहणं तिथे नवीन नाही, त्यासाठी टॅग. टॅगवरही फुटत असेल तर गिटहबवर त्यांच्या इश्यूंमध्ये आधी शोधा, नसेल तर टाका. त्यात पहिली एरर पूर्ण टाका, शेवटची नाही, आणि तीही टेक्स्टमध्ये, मोबाईलने स्क्रीनचा काढलेला फोटो नको. सोबत सीमेकची अख्खी कमांड, कंपायलरची आवृत्ती, सीमेकची आवृत्ती, डिस्ट्रो आणि कुठला टॅग ते. मी एकदा 'वजा जे 1' ने केलेला लॉग आणि ही पाच माहिती टाकली होती, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की तुमचा जीसीसी जुना आहे, आणि होताच.